पावसाआधी उठवून पाहिलेलं मशीन

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत संगणक दुरुस्तीचं काम करणाऱ्याचा खरा हंगाम जूनमध्ये सुरू होतो. शाळा-कॉलेजांचे प्रवेश, दाखल्यांसाठी सेवा केंद्रांवर गर्दी, खतं-बियाण्यांच्या दुकानांतली बिलं हे सगळं एकाच वेळी येतं आणि त्याच सुमाराला पाऊसही येतो. मुंबईला पाण्यावरची वीज देणारी टाटांची दोन जुनी केंद्रं याच भागात आहेत, खोपोलीचं १९१५ सालचं आणि भिवपुरीचं १९२२ सालचं. पण आमच्या वाड्या-वस्त्यांवर येणाऱ्या तारा झाडीतून, ओढ्यांवरून, डोंगराच्या कडेकडेने येतात. वारा सुटला, फांदी पडली की लाइट गेली. परत येते ती कधी मिणमिणत, कधी एकदम झटक्याने. त्या झटक्यात पॉवर सप्लाय जातो, मदरबोर्ड जातो, हार्डडिस्क जाते. पहिल्या दोन वस्तू कल्याणच्या बाजारात दुसऱ्या दिवशी मिळतात. तिसरीही मिळते, पण कोरी.

म्हणून एप्रिल-मेमध्ये मी माझ्याकडे देखभालीला असलेल्या ठिकाणी फेरी मारतो. कडाव, कशेळे, नेरळ, चौक, खोपोली. भातगिरण्या, दवाखाने, शाळांची कार्यालयं, पतसंस्था. अर्थिंग तपासायचं, यूपीएसची बॅटरी बघायची, सीपीयूतली धूळ ब्लोअरने काढायची आणि बॅकअप पाहायचा. बॅकअपबद्दल आता कुणाला समजवावं लागत नाही. "घेतो की रोज," असं उत्तर येतं आणि बहुतेक ठिकाणी ते खरं असतं. माझा पुढचा प्रश्न मात्र लोकांना नवा असतो. हे मशीन आत्ता बंद पडलं आणि परत सुरूच झालं नाही, तर तो बॅकअप कशाने उघडणार?

कशेळ्याच्या बाजूला असलेल्या एका पतसंस्थेत या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे दिसलं, ते सांगण्यासारखं आहे.

संस्था लहान आहे. दुधाचे रतीब घालणारे, वीटभट्टीवाले, भाजी घेऊन कर्जतच्या बाजारात बसणाऱ्या बायका, बचत गट, जमिनीचे पैसे हातात आलेले काही शेतकरी असे सभासद. पिग्मीचे एजंट संध्याकाळी मशीन घेऊन येतात आणि दिवसाचा भरणा होतो. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, तसं पतसंस्थेतल्या ठेवींना नसतं. पासबुकातला आकडा आणि संस्थेच्या खतावणीतला आकडा जुळतो, या एका गोष्टीवर तिथला सगळा व्यवहार उभा आहे. आणि ती खतावणी एका संगणकात आहे.

हिशेबाचं सॉफ्टवेअर जुनं, पुण्यातल्या एका छोट्या व्यावसायिकाकडून करून घेतलेलं. त्यांचा व्यवसाय बंद होऊन बराच काळ लोटला. सॉफ्टवेअर मात्र उत्तम चालतं. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ठेवपावत्या, सोनेतारणाचं रजिस्टर सगळं मराठीत, आणि पासबुक छापणारा डॉटमॅट्रिक्स प्रिंटर बरोबर ओळीवर छापतो. मराठी अक्षरं युनिकोडच्या आधीच्या पद्धतीची आहेत. म्हणजे आत साठवलेली असतात इंग्रजी वर्णमालेच्या तक्त्यातली चिन्हं आणि विशिष्ट फॉन्ट लावला की ती देवनागरी दिसतात. फॉन्ट नसेल तर सभासदाच्या नावाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. शिवाय यूएसबीत खोचलेलं एक डोंगल आहे. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही, आणि ते ओळखणारा ड्रायव्हरही जुना, आता कुठून उतरवून घेण्याची सोय नसलेला. इन्स्टॉलेशनची सीडी संस्थेकडे आहे, पण बुरशीचे पांढुरके ठिपके तिच्या आतल्या थरापर्यंत गेले आहेत. कोकणातल्या दमट कपाटात सीडीचं हेच होतं.

अशा ठिकाणी नुसत्या फायलींची प्रत घेऊन भागत नाही. खतावणीच्या फायली सुखरूप आहेत, पण त्या वाचणारं सॉफ्टवेअर, फॉन्ट, ड्रायव्हर, प्रिंटरची मांडणी हे सगळं ज्या विंडोजवर बसलं आहे, ते विंडोजच गेलं तर त्या फायली मुक्या. म्हणून तिथे संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेणारं बॅकअप सॉफ्टवेअर बसवलेलं आहे. ते रोज संध्याकाळी बाहेरच्या हार्डडिस्कवर प्रतिमा लिहितं आणि काम झालं की पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण दाखवतं. संस्थेचा हा संगणक सांभाळणाऱ्या मॅडम ती खूण बघूनच कुलूप लावतात.

पण प्रतिमा परत कोऱ्या डिस्कवर उतरवायची तर संगणक कशावरून तरी सुरू व्हायला हवा. डिस्क कोरी आहे, तिच्यावर विंडोज नाही. त्यासाठी रिकव्हरी डिस्क लागते. पूर्वी ती सीडीवर करत, आता पेनड्राइव्हवर. तिच्यात एक आटोपशीर विंडोज असतं, त्यात बॅकअप सॉफ्टवेअरचा परत उतरवणारा भाग घातलेला असतो आणि डिस्क-यूएसबी ओळखणारे ड्रायव्हर असतात. ती नसेल तर बाहेरच्या हार्डडिस्कवरच्या प्रतिमांचा ढीग ऐनवेळी काही कामाचा नाही.

संस्थेकडे रिकव्हरी डिस्क नव्हती. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने ती करायचा प्रयत्न केला होता, "रिकव्हरी मीडिया तयार करता आला नाही" एवढा निरोप आला होता, आणि रोजचा बॅकअप तर व्यवस्थित होतोय म्हणून विषय तिथेच राहिला होता. व्यवस्थापकांनी मला अगदी मनापासून विचारलं, "बॅकअप होतोय ना? मग त्या डिस्कचं एवढं काय?" मी त्यांना सांगितलं की आज कपाटात खतावणी आहे, पण कपाटाची चावी बनवायचा प्रयत्न फसला आहे आणि आपण रोज नवीन खतावणी त्यात टाकून दार ओढून घेतोय. त्यांनी लगेच काम करायला सांगितलं.

तोच निरोप मलाही आला. कारण न सांगणारा निरोप हा या धंद्यातला सगळ्यात त्रासदायक प्रकार. अशा वेळी सोप्या गोष्टींपासून निघावं लागतं. पेनड्राइव्ह बदलून पाहिला, कारण बाजारात क्षमता खोटी दाखवणारे पेनड्राइव्ह सर्रास मिळतात. तो एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केला, कारण जुनी-नवी दोन्ही प्रकारची मशीन त्यावरून सुरू होतात. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, पण रिकव्हरीची फाइल त्याच्या खूप आत असते. अँटिव्हायरस तेवढ्यापुरता थांबवला. सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं. काही फरक नाही.

मग विंडोजच्या स्वतःच्या दुरुस्ती-व्यवस्थेकडे वळलो. बरीचशी बॅकअप सॉफ्टवेअर रिकव्हरी डिस्कसाठी लागणारं आटोपशीर विंडोज बाहेरून आणत नाहीत. त्या मशीनवर विंडोजने दुरुस्तीसाठी ठेवलेली एक फाइल असते, तीच घेतात. ती व्यवस्था चालू आहे की बंद, हे कमांड प्रॉम्प्टमध्ये एका आज्ञेने कळतं. इथे ती बंद होती. हे मशीन मुळात विंडोज ७चं, पुढे विंडोज १०वर चढवलेलं. अशा चढवलेल्या मशीनवर दुरुस्तीचं पार्टिशन अपुरं राहिलेलं किंवा ही व्यवस्था बंद पडलेली मी इतरत्रही पाहिली आहे. फाइलही जागेवर नव्हती. त्याच आवृत्तीच्या विंडोजच्या मूळ प्रतीतून ती काढली. आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट हे तंतोतंत जुळावं लागतं. जागेवर ठेवली, व्यवस्था चालू केली, आज्ञेने आता "चालू" असं उत्तर दिलं. मला वाटलं, सापडलं.

पुन्हा तोच निरोप.

व्यवस्था बंद असणं हा दोष खरा होता आणि तो कधीतरी नडलाच असता. पण अडलेलं काम त्याच्यामुळे अडलं नव्हतं. अशा वेळी सगळं काढून विंडोज नव्याने टाकण्याचा मोह होतो. पुष्कळ जण तेच करतात आणि गिऱ्हाईकही "फॉरमॅट मारा" असंच म्हणतं. इथे तो रस्ता बंद होता. नव्याने टाकलं तर डोंगलचा ड्रायव्हर आणायचा कुठून? जे वाचवायचं तेच पुसून दुरुस्ती करता येत नाही.

प्रत्येक बरं सॉफ्टवेअर आपण काय करतोय याची नोंद कुठेतरी लिहीत असतं. पडद्यावर एक ओळ दिसते, नोंदीच्या फाइलमध्ये शेकडो असतात. ती फाइल शोधून काढली आणि खालून वर वाचत गेलो. रिकव्हरी डिस्क कशी तयार होते, ते त्यात पायरीपायरीने दिसतं. सॉफ्टवेअर आधी दुरुस्तीची फाइल तात्पुरत्या फोल्डरात कॉपी करतं. मग ती उघडून एखाद्या फोल्डरासारखी जोडून घेतं, तिच्यात आपला भाग आणि ड्रायव्हर घालतं, बंद करतं आणि शेवटी पेनड्राइव्हवर लिहितं. इथे कॉपी करण्याच्या पायरीवरच गाडी थांबत होती. त्या ओळीत तात्पुरत्या फोल्डराचा पूर्ण पत्ता छापलेला होता. सी ड्राइव्ह, मग यूजर्स, मग एकापुढे एक प्रश्नचिन्हं, मग ॲपडेटा, लोकल, टेम्प.

मी मॅडमना विचारलं, "हा संगणक सुरू करताना नाव काय दिलं होतं?"

"शाखा कार्यालय," त्या म्हणाल्या. "मराठीत. तुम्हाला दिसत नाही का? सुरू केलं की येतं की वर."

दिसत होतं. रोज दिसणारी गोष्ट म्हणून तिच्याकडे लक्ष गेलं नव्हतं. विंडोजमध्ये खातं उघडताना जे नाव द्याल, त्याच नावाचं फोल्डर यूजर्सच्या आत तयार होतं आणि त्या खात्याच्या तात्पुरत्या फायली त्याच्या पोटात जातात. विंडोजला देवनागरी नाव पूर्णपणे चालतं. पण बॅकअप सॉफ्टवेअरचा रिकव्हरी डिस्क बनवणारा भाग जुन्या पद्धतीने लिहिलेला होता. जुन्या पद्धतीत अक्षरांसाठी प्रत्येक भाषेचा एक तक्ता असे, त्याला कोडपेज म्हणतात. ग्रीकचा आहे, रशियनचा आहे, अरबीचा आहे, थाईचा आहे. विंडोजमध्ये देवनागरीसाठी असा तक्ता नाही. इथे देवनागरी चालते ती युनिकोडमधूनच. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामने देवनागरी पत्ता मागितला की न ओळखता आलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. आणि विंडोजमध्ये फाइल किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह मुळातच चालत नाही. म्हणजे तो प्रोग्राम अशा जागी फाइल ठेवू पाहत होता जी अस्तित्वातच असू शकत नाही.

मग रोजचा बॅकअप इतकी वर्षं बिनबोभाट कसा होत होता, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटला. त्याचंही उत्तर तिथेच होतं. रोजचं काम पाठीमागे चालणारी सेवा करते. ती खुद्द सिस्टिमच्या खात्यावर चालते आणि तिचं तात्पुरतं फोल्डर विंडोजच्या आत असतं, ज्याच्या पत्त्यात एकही देवनागरी अक्षर नाही. रिकव्हरी डिस्क मात्र माणूस बसून बनवतो, त्याच्या खात्यावरून. एकाच सॉफ्टवेअरचे दोन भाग दोन वेगळ्या वाटांनी जात होते. एक वाट मोकळी, दुसरी बंद. हिरवी खूण फक्त पहिल्या वाटेची.

हे माझ्या मनाला लागलं, कारण त्या मॅडमनी काहीही चुकीचं केलं नव्हतं. मराठी माणसाने मराठी संस्थेच्या संगणकाला मराठी नाव दिलं. सरकारी कामात युनिकोड वापरा, असं सांगणारे आदेश आपल्याकडे निघालेले आहेत. सातबारा, दाखले, ग्रामपंचायतीच्या नोंदी आज युनिकोड मराठीत मिळतात. तरीही एखाद्या प्रोग्रामच्या कोपऱ्यात जुना तक्ता शिल्लक असतो आणि तो नेमका संकटाच्या वेळी लागणाऱ्या भागात असतो. ज्या भागाची गरज वर्षानुवर्षं पडत नाही, तो लिहिणारेही तपासत नाहीत आणि वापरणारेही. आपल्या भाषेत काम करणाऱ्यांनी असे दोष सापडले की सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कळवलेच पाहिजेत. मी कळवला.

दुरुस्तीचे मार्ग तीन होते. पहिला, विंडोजमध्ये आता जुन्या प्रोग्रामांनाही युनिकोड वापरायला लावणारी एक सोय आहे, ती चालू करणं. वाचायला हा मार्ग सगळ्यात चांगला वाटतो. पण या मशीनवर तो घातक ठरला असता. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली मराठी त्याच जुन्या तक्त्यातल्या चिन्हांवर उभी आहे. तक्ता बदलला असता तर सभासदांची नावं पडद्यावर मोडली असती, आणि त्यातच कुणी एखादी नोंद दुरुस्त करून साठवली असती तर ती कायमची बिघडली असती. दुसरा मार्ग, रोमन अक्षरांतल्या नावाचं नवीन खातं उघडणं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची प्रिंटरची मांडणी जुन्या खात्याशी बांधलेली होती, ती पुन्हा जमवत बसावी लागली असती. खात्याचं फक्त नाव बदलून उपयोग नव्हता. वर दिसणारं नाव बदलतं, आतल्या फोल्डराचं पहिलंच राहतं. तिसरा मार्ग साधा. सी ड्राइव्हवर एक छोटं फोल्डर उघडायचं आणि तात्पुरत्या फायली इथे ठेव असं विंडोजला सांगायचं. सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये त्यासाठी दोन नोंदी असतात, टेम्प आणि टीएमपी. दोन्ही बदलाव्या लागतात. मग खात्यातून बाहेर पडून परत आत यायचं.

ते केलं आणि रिकव्हरी डिस्क झाली.

काम इथे संपलं असं मी धरत नाही. कर्जतला राहणाऱ्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. पुण्याकडून बोरघाट उतरणाऱ्या रेल्वेगाड्या मंकी हिल आणि ठाकूरवाडीला ब्रेक तपासण्यासाठी थांबतात. लोणावळ्याला ब्रेक चांगले लागले होते म्हणून कुणी तशीच गाडी खाली सोडत नाही. इथला उतार ३७ला १ आहे. रिकव्हरी डिस्कचंही तसंच. ती प्रत्यक्ष लावून, कोऱ्या डिस्कवर पूर्ण मशीन उतरवून, चालवून पाहिल्याशिवाय तिच्यावर भिस्त ठेवू नये.

मोठ्या कंपन्यांनाही हे महागात पडलेलं आहे. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत रात्री काम करणाऱ्या अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसलं गेलं. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं. मग बॅकअप शोधायला गेले, तर जिथे तो असायला हवा ती जागा रिकामी. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा असल्यामुळे तो घेतलाच जात नव्हता. तसं सांगणारे ईमेल निघत होते, पण तेही पोचत नव्हते. चाचणीच्या कामासाठी योगायोगाने सहा तास आधी काढलेली एक प्रत हाती लागली, तिच्यावर निभावलं. कंपनीने हे सगळं स्वतःहून, तपशिलासकट जाहीर केलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. आमच्यासारख्या छोट्या गावात काम करणाऱ्यांनी त्यातून शिकावं इतकं ते उघड आहे.

तर पतसंस्थेत चाचणीसाठी रविवार ठरवला. मॅडम आल्या, व्यवस्थापक आले, शिपाईकाकांनी चहा आणला. आदल्या संध्याकाळची तेरीज छापून ठेवली होती. संगणकातली मूळ डिस्क काढली आणि वेगळी गुंडाळून व्यवस्थापकांच्या हातात दिली. चाचणीत मूळ डिस्क आणि तिची प्रत एकाच वेळी मशीनला जोडायची नसते. दोघींची ओळख एकच असल्याने विंडोज गोंधळतं, आणि घाईत चुकीच्या डिस्कवर लिहिलं गेलं तर सगळंच गेलं. जागी एक कोरी एसएसडी लावली. पेनड्राइव्ह खोचून बूट मेनूतून मशीन सुरू केलं.

सुरू झालं. बाहेरची हार्डडिस्क दिसली. पण तिच्यावरच्या बॅकअपच्या फोल्डरांची नावं नुसते चौकोन होती. त्या आटोपशीर विंडोजमध्ये देवनागरीचा फॉन्टच नसतो. सगळी नावं सारखीच चौकोनी, त्यातलं कालचं कुठलं आणि मागच्या वर्षीचं कुठलं? तारखेच्या रकान्यावरून ओळखता आलं, पण भर पावसात, रांग लागलेली असताना, दुसऱ्याच कुणावर ही वेळ आली तर? तिथल्या तिथे ठरवलं की बॅकअपच्या फोल्डरांची नावं यापुढे फक्त वर्ष, महिना, दिवस अशा आकड्यांत. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

प्रतिमा उतरायला वेळ लागला. तेवढ्यात व्यवस्थापक जुन्या गोष्टी सांगत बसले, हातखतावणीच्या काळातल्या. मार्चअखेरीला कंदिलावर तेरीज जुळवायचे, एका पैशाचा फरक काढायला पहाट व्हायची. त्या लाल कापडात बांधलेल्या खतावण्या अजून माळ्यावर आहेत आणि आजही कुणी मागितलं तर त्या उघडून वाचता येतात, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. तो अभिमान मला रास्त वाटला. संगणकाकडून एवढीच अपेक्षा ठेवायची असते.

उतरवणं पूर्ण झालं. पेनड्राइव्ह काढला, मशीन पुन्हा सुरू केलं. "शाखा कार्यालय" ही अक्षरं वर आली. डोंगल खोचलं, सॉफ्टवेअर उघडलं, सभासदांची नावं नीट मराठीत दिसली. मॅडमनी तेरीज छापली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पट्टी धरून ओळ न् ओळ मिळवली. मग स्वतःचं पासबुक काढून प्रिंटरमध्ये घातलं. छापलेली ओळ बरोबर आखलेल्या जागी पडली. "आता दादा, हे मी करते," असं म्हणून त्यांनी पेनड्राइव्ह मागून घेतला आणि मशीन बंद करून, बूट मेनू काढण्यापासून प्रतिमा निवडण्याच्या पडद्यापर्यंत स्वतः जाऊन आल्या. माझ्या मते सगळ्या दिवसातलं हे सर्वात उपयोगाचं काम होतं. रस्ता बंद झाला, मी चौकला अडकलो, तर तिथे त्याच असणार.

इतर ठिकाणी अडचणी वेगळ्या निघतात. खोपोलीतल्या एका दवाखान्यात रिकव्हरी डिस्क विनातक्रार झाली, मशीनही त्यावरून सुरू झालं, पण आतली डिस्कच दिसेना. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच मशीनमध्ये डिस्क एका मधल्या नियंत्रकामागे असते. त्याचा ड्रायव्हर रिकव्हरी डिस्कमध्ये घालावा लागतो. नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि ती उघडायला ४८ आकडी किल्ली लागते. ती कुठे ठेवली आहे हे मालकाला ठाऊक नसतं. दोन्ही गोष्टी फक्त चाचणीत कळतात. डिस्क बनवताना कुठलाच निरोप येत नाही.

पतसंस्थेत आणखी एक बदल केला. बॅकअपची हार्डडिस्क सीपीयूच्या डोक्यावरच ठेवलेली असायची, त्याच प्लगला जोडलेली, चोवीस तास. वीज कोसळली किंवा पाणी शिरलं तर दोन्ही एकदम. २२ जुलै २०२१ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा एसटी आगाराच्या व्यवस्थापकांनी रोकड घेऊन बसच्या टपावर बसून ती वाचवली होती. प्रत्येक कार्यालयाच्या नशिबी असा माणूस आणि एवढा अवधी असेलच असं नाही. आता दोन हार्डडिस्क आहेत. एक शाखेत, एक व्यवस्थापकांच्या घरी कर्जतला, आणि शनिवारी त्यांची अदलाबदल होते. रिकव्हरीचा पेनड्राइव्ह आणि ती चाचणी झालेली एसएसडी ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात तिजोरीत असतात. डब्यावर मशीनचं वर्णन, बूट मेनूची कळ आणि चाचणीची तारीख लिहिलेली आहे. पेनड्राइव्हवरची नोंद कायम टिकत नाही, म्हणून दर मेमध्ये तो नव्याने बनवायचा असं ठरलं आहे.

यापुढचा प्रश्न मात्र माझ्या हातातला नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि या मशीनमध्ये विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० चिप नाही. मी इंटरनेटची वायर काढून ठेवायला लावली आहे. पिग्मीचा भरणा केबलने होतो आणि बाकी कामं दुसऱ्या मशीनवर. पण कधीतरी नवं सॉफ्टवेअर घ्यावंच लागेल. संचालकांच्या बैठकीत मला बोलावलं होतं, तेव्हा अध्यक्षांनी एकच गोष्ट विचारली, "सभासदाचं पहिल्या दिवसापासूनचं खातं नव्यात येईल का?"

मी सांगितलं की अखेरच्या शिल्लका येतील. जुनी प्रत्येक नोंद, जुन्या फॉन्टमधल्या नावासकट येईल अशी खात्री मला अजून कुणी दिलेली नाही. ती मिळेपर्यंत जुन्या मशीनची प्रतिमा आणि तिला उठवणारी डिस्क दोन्ही ठेवा, दर वर्षी चालवून पाहा, आणि नवं सॉफ्टवेअर देणाऱ्याला करार करण्याआधी हाच प्रश्न विचारा. अध्यक्षांनी ते इतिवृत्तात घ्यायला सांगितलं. त्याच बैठकीत नव्या एसएसडीचा आणि दुसऱ्या डोंगलच्या शोधाचा खर्चही मंजूर झाला. पुण्यातल्या त्या सॉफ्टवेअर करणाऱ्यांचा जुना पत्ता मॅडमकडे आहे. तिथे जाऊन यायचं आहे.